मानाचा दगड

पुरातत्त्व खात्याच्या शिल्पा मॅडमची जीप आज तरी आपल्या शेताच्या धुऱ्यावर थांबेल, म्हणून निवृत्ती सकाळपासून लिंबाखाली उभा होता. शेजारच्या शंकरप्पाच्या रानात हजार वर्षांपूर्वीचं पडकं देऊळ निघालं, तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. श्रावणातला मानाचा नारळ पिढ्यान्‌पिढ्या निवृत्तीच्या घरचा. आता गाव म्हणू लागलं होतं, देऊळ शंकरप्पाचं तर नारळही त्याचाच.

निवृत्तीनं मग गोठ्यातला कोरीव दगड पहाटे उपटला, घासला, शेंदूर फासून लिंबाखाली रोवला. आजोबांनी तो कुठून आणला, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

जीप थांबली. मॅडमच्या मागोमाग शंकरप्पाही उतरला, न बोलावता. आपल्या शेतातही देऊळ आहे, नांगराला दगड लागला, असं निवृत्तीनं एका दमात सांगून टाकलं.

"ह्यो माझ्या देवळाचा दगड हाय," शंकरप्पा म्हणाला. "भिंतीत एवढीच जागा रिकामी हाय. ह्याच्या आज्यानं नेला असल."

निवृत्तीचं तोंड पडलं. मॅडम मात्र शेंदूर पुसून नक्षी चाचपत राहिल्या. दगड देवळाहून चारशे वर्षं तरी जुना आहे, म्हणाल्या. देऊळ बांधणारा सरदार इथं नवा होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. त्यानं कुठल्यातरी पडक्या विहारातून हा दगड ओढून आणला असणार आणि दर्शनी भिंतीत बसवला असणार.

"तेव्हा असंच चालायचं," त्या म्हणाल्या. "जुनं पडकं ज्याच्या ताब्यात, मान त्याचा."

शंकरप्पानं एकदा आपल्या देवळाकडं बघितलं, एकदा दगडाकडं, आणि मग त्याची नजर दगडावरून हलेना. ती नजर निवृत्तीच्या चांगल्या ओळखीची होती. किती महिन्यांनी त्याच्या पोटात गार वाटलं.

"आणि ही खाच?" मॅडमनी दगडाच्या कमरेला बोट लावलं. "ही कशानं पडली?"

निवृत्ती काही बोलायच्या आत त्याची बायको केवळाबाई तरातरा धुऱ्यावरून आली. हात शेणानं भरलेले.

"साखळीनं पडली," ती म्हणाली. "आता खुंटा न्या माघारी. म्हैस सकाळपासून मोकळी हाय, त्या देवळात जाऊन बसली. उठंना झाली."