चेहऱ्यावरची रेष

गाणाऱ्या बायकांच्या आवाजावर स्वरूपा पीएचडी करत होती. पहिल्या दोन्ही मुलाखती सरांनी परत पाठवल्या. "समोरची बाई बोलायच्या आत तूच 'वा, वा' करतेस. मान डोलवू नकोस, हसू नकोस, उत्तर सुचवू नकोस."

म्हणून महाळुंग्यात, लग्नघरी हळदीची गाणी म्हणणाऱ्या अंबुबाईंपुढे ती दगडासारखी बसली. "गाताना काय वाटतं?" एवढंच तिनं विचारलं. अंबुबाई हसून म्हणाल्या, लई मजा येती. स्वरूपाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग म्हणाल्या, देवच गळ्यात येऊन बसतो. तरीही नाही. शेवटी डोळ्यांना पदर लावून त्या दूर राहिलेल्या माहेरासाठी ढसाढसा रडल्या. असं अस्सल काही स्वरूपाला आजवर मिळालंच नव्हतं! तिनं रेकॉर्डर बंद केला.

"आजी, किती मनापासून बोललात!"

अंबुबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आवडलं न्हवं? मागच्या म्याडम लगीच मान डोलवायच्या, तवा समजायचं. तुझ्या तोंडावर कायबी उमटंना. दारात आलेलं माणूस नाराज कसं धाडायचं? म्हटलं, रडून बघावं. माहेर काय, हितं मागल्याच आळीत हाय माझं!"