मागच्या दाराचं हँडल

भंगारात निघालेली जुनी अँबॅसेडर इंद्रजीतने हट्टाने विकत घेतली आणि वर्षभर राबून उभी केली. त्याच्या बापाने, तुळशीरामने, चौबे कॉलनीतल्या वकिलाचा ड्रायव्हर म्हणून हीच गाडी जन्मभर हाकली होती. आज मागच्या दाराचं हँडल तेवढं बसवायचं उरलं होतं. इंद्रजीतने खाली नवं रबर घातलं, दोन्ही स्क्रू जीव खाऊन आवळले आणि बापाला हाक मारली.

"बाबा, पयले तुम्ही उघडा. आज मालकासारखे मागं बसा."

म्हाताऱ्याने खांद्यावरचा गमछा हाताला गुंडाळला आणि मग हँडल धरलं.

"अजी, मळलं तं पुसता येते. हातानं उघडा ना!"

"आपला हात लागला का वकिलीणबाई गाडीत बसत नव्हत्या, पोरा. हँडल धुवा लागे."

"अन् स्टिअरिंग? त्याले तुमचा हात चालत होता?"

"ते त्याइले धरता येत नव्हतं."

इंद्रजीतने गमछा हिसकून फेकला. "गाडी आता आपली हाये, बाबा!"

"हव," तुळशीराम म्हणाला. त्याने सदऱ्याची बाही बोटांवर ओढून घेतली, दार उघडलं आणि पोरगा आत बसायची वाट पाहत मान खाली घालून बाजूला उभा राहिला.