अडलेली शेळी

माले गावातल्या शेळ्यांच्या रक्ताचा अहवाल घेऊन साथरोगांची संशोधक शुभांगी बयाबाईंच्या गोठ्यात शिरली, तेव्हा एक शेळी अडली होती आणि पाच महिन्यांची गरोदर सून उज्वला आत हात घालायला बसली होती. "थांब! हात लावू नकोस!" शुभांगी ओरडली. "अवं, शेळी मरंल माझी!" बयाबाई उसळल्या. "माझं हात कापत्यात, हिलाच जमतं." "शेळ्यांत रोग सापडलाय, बयाबाई. तो माणसाला लागतो. पोटातलं बाळसुद्धा पडू शकतं." उज्वलाने हात मागे घेतला. तिची दोन बाळं पडली होती. शुभांगीने मास्क लावला, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि ती शेळीमागे गुडघ्यांवर बसली. आजवर तिने शेळ्यांचं फक्त रक्त घेतलं होतं. "लांबूनच सांगा, काय करू?" तिने बयाबाईंना विचारलं. "पाय चाचप. दोन घावलं? आता कळ आली की वढ." तीन कळांनंतर करडू बाहेर आलं, मेलेलंच. शेळी वाचली. दारात सरकलेल्या उज्वलाने विचारलं, "ताई, माझी दोन बी यानंच गेली का?" "असू शकतं. आजच तुझं रक्त तपासायला घेते. यावर औषध आहे." "मी हिला पांढऱ्या पायाची म्हनत आले," बयाबाई शुभांगीला म्हणाल्या. "मला नको, तिला सांगा." बयाबाई सुनेपुढे गेल्या. "चुकलं माझं, पोरी." उज्वला म्हणाली, "त्या दोन्ही येळंला शेळी मोकळी कराया तुमीच मला बसवलं हुतं."