काळी पूड

कारखान्यात बॅटरीच्या लेपात कार्बन नॅनोट्यूबची काळी पूड मिसळणाऱ्या मावशी एअर फिल्टरसाठी कधीपासून साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होत्या. पिशवी उघडली की पूड खोलीभर तरंगायची, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. “काही होत नाही हो तिने! रुमाल बांधा तोंडाला,” एवढं बोलून साहेब हात झटकायचे.

काल तीच पूड मिक्सरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरली, शॉर्ट सर्किट झालं आणि मशीन बंद पडलं. साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. आज बघावं तर पॅनेलभोवती काचेची केबिन, आणि आत नवाकोरा एअर फिल्टर! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारायला त्यांनी केबिनचं दार ढकललं, तोच आतून साहेब खेकसले,

 

“आधी अंग झटकून या! मशीनला बाधते ती पूड.”