टाकलेल्या सुया

कय्यूमभाईंनी दारात उभ्या बैलांच्या दमणीत कडबा पसरला, त्यावर गोधड्या अंथरल्या आणि हात पुढे केले. उकंडराव फडताळातून एकेक रेकॉर्ड काढत, दारातल्या उन्हात तिरपी धरून बघत आणि त्यांच्या हातात देत. खरं तर बघायची काही गरज नव्हती. सगळा साठा कय्यूमभाईंनाच द्यायचा ठरला होता, तोही पैसे न घेता, मैत्रीखातर. पण ही उकंडरावांची जन्माची खोड. घासलेली रेकॉर्ड उन्हात पांढरट दिसते, आणि तसली रेकॉर्ड त्यांनी घरात कधी ठेवून घेतली नव्हती.

त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, जाऊन महिना झाला होता. उकंडराव रडले नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. मेहकरच्या तहसील कचेरीतले सोबती म्हणाले, माणूस मोठा खंबीर. खंबीर कसला, बधिर झाला होता. ताट पुढे आलं की जेवायचं, अंधार पडला की आडवं व्हायचं, एवढंच चाललं होतं. मध्ये एकदा त्यांनी ग्रामोफोनच्या मशीनवर आपला आवडता मालकंस लावून पाहिला. तो वाजला आणि संपला. मग सगळा साठा घेऊन जा, असा त्यांनी सुलतानपूरला निरोप धाडला. कय्यूमभाई तिथले कापडवाले, गाण्याचे यांच्याइतकेच वेडे. वर्षभर तरी थांबा, दुःख ओलं असताना असं काही करू नये, असं त्यांनी परोपरीनं समजावलं.

"थांबून काय करू?" उकंडराव म्हणाले. "कानाले आयकू येते, अंदर काही जात नाही."

कोकिळाबाईंचं आणि गाण्याचं जन्माचं वाकडं, अशी उकंडरावांची खात्री होती. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गठ्ठ्यातून पिलू रागातली एक ठुमरी त्यांच्याकडे आली. ते ख्यालाचे भक्त, ठुमरीला नाक मुरडणारे. तरी एकदा लावून पाहिली, तेव्हा कोकिळाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सांग बरं कोणता राग, असं उकंडरावांनी गमतीनं विचारलं. राग कशाले, बाई रडून राह्यली ना, असं त्या म्हणाल्या. उकंडराव पोट धरून हसले. हा किस्सा पुढे त्यांनी आल्यागेल्याला ऐकवला, नावाचीच हो कोकिळा, अशी पुस्ती जोडून. तेव्हापासून मशीन लागलं की कोकिळाबाई स्वयंपाकघराचं दार ओढून घेत.

मशीनला कोकिळाबाईंनी हात लावायचा नाही, असं ठरूनच गेलं होतं. नव्या सुयांची डबी पेटीत कुलपाखाली असे. एक बाजू वाजली की सुई काढून फुटक्या कपात टाकायची, हा उकंडरावांचा नेम. झिजलेली सुई पुन्हा लावली तर ती रेकॉर्ड खाते, हे त्यांनी गाण्याला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं. कोकिळाबाईंना तेवढं सांगितलं नव्हतं. त्यांना कशाला सांगायचं, त्यांचा काय संबंध?

फडताळाच्या तळाशी शेवटी तीच ठुमरी निघाली. ही कोरीच आहे म्हणा ना, एकदाच लावली होती, असं म्हणत उकंडरावांनी ती उन्हात धरली.

रेकॉर्ड पांढरी पडली होती. काठापासून मधल्या कागदापर्यंत, राख चोळल्यासारखी. त्यांनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. कय्यूमभाईंनीही वाकून पाहिलं आणि ही पार कामातून गेली, टाकून द्या, असं म्हणाले. उकंडरावांना काही समजेना. घरात माणसं दोनच. मूलबाळ नव्हतं.

शेजारच्या मंजुळाबाई पाहुण्यांसाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"रडणाऱ्या बाईची हाय ना ते, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "तुमी कचेरीत गेले का दुपारी रोज लावे कोकिळाबाई. मी म्हटलं, भाऊजी रागावतीन. तर म्हणे, नव्या सुईले हात नाही लावत मी, त्याईनं टाकलेल्याच बऱ्या मले."

उकंडरावांनी मशीनला चावी दिली. पेटीतून नव्या सुयांची डबी काढली, उघडली, परत मिटली. मग फुटक्या कपातली एक सुई उचलून लावली.

आधी नुसती खरखर आली. मग खरखरीच्या पार खाली कुठेतरी ती बाई. शब्द एकही लागत नव्हता. दुसरी कुठली रेकॉर्ड इतकी खरखरली असती, तर उकंडरावांनी ती देणाऱ्याच्या दारात नेऊन आपटली असती. ही त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकली. त्यांना फार वाईट वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच काही वाटलं.

चहा निवला होता. आता दमणीतलं सगळं परत खाली उतरवायचं ना, असं कय्यूमभाईंनी हळूच विचारलं.

"नाही, ते घेऊन जा," उकंडराव म्हणाले. "या घरात गाणं आयकणारं एकच माणूस होतं. तिची तेवढी राहू द्या."