बास्केटमागची पोरं

इंडियानातल्या या कॉलेजात बास्केटबॉल खेळत असताना मार्लनने भांडभांडून विद्यार्थ्यांची बाकं वरच्या गॅलरीतून खाली, थेट बास्केटमागे आणवली होती. आपला गडी फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मिळणारा मोकळा नेम, टाकत असला की चिडीचूप राहायचं आणि पाहुणा असला की छप्पर उडवायचं, ही शिस्तही त्यानेच लावली. मग आई आजारी पडली आणि तो घराजवळच्या कॉलेजात गेला.

आज तो पाहुणा म्हणून परत आला होता. गुण बरोबरीत, एक सेकंद उरलेला आणि शेवटचा फ्री थ्रो नेमका त्याचाच.

"ही भुतं तूच बसवलीस ना तिथे?" त्याचे नवे कोच करवादले. "आता भोग!"

मार्लनने चेंडू तीनदा आपटला आणि गोंगाटाची वाट बघितली. बास्केटमागची चारशे पोरं हूं की चूं न करता उभी होती.

चेंडू अलगद जाळीतून गेला. पोरांचं कॉलेज हरलं.

"ओरडले का नाहीत रे हे?" कोच चक्रावले.

तेवढ्यात हरलेल्या बाकांवरून हाक आली, "मार्लन, आई कशी आहे रे आता?"