दसऱ्याचा नारळ

भट्टीच्या मोठ्या स्विचमध्ये चिनीमातीच्या बंद बाटल्या असतात. आत हवा नसते, म्हणून वीज तोडताना पेटलेला जाळ तिथल्या तिथं मरतो, हे हजिऱ्याच्या नव्या कारखान्यात साहेबांनीच शिकवलेलं. दसऱ्याला त्याच साहेबांनी पूजेसाठी स्विच बाहेर ओढला आणि योगराजच्या हातात नारळ दिला.

“काय हळू मारून राहिला भो, जेवला नाही का?” थोरला भाऊ हिलाल हसला. योगराजनं चिडून नारळाचा दुसरा घाव बाटली धरून ठेवणाऱ्या लोखंडावर घातला. नारळ फुटला, आणि बाटलीकडून बारीक सुस्कारा आला.

“देव पावला,” साहेब म्हणाले आणि स्विच परत आत ढकलून त्यांनी भट्टी चालू केली.

दुसऱ्या दिवशी भट्टी दुरुस्तीला घेतली. योगराजनं वीज तोडायचं बटण दाबलं, वीज बंद झाल्याचा हिरवा दिवा लागला, हिलालनं नेहमीसारखा केबल सोडवायला हात नेला.

योगराजला स्विचच्या दाराच्या काचेआड, बाटलीच्या फटीतून जाळ दिसला. तो मरत नव्हता.